फाटकात उभं राहून दात घासणारी माणसं

आमच्या गल्लीतल्या पुरुषांना दात घासायला बेसिन पुरत नाही. नाशिकरोडच्या या रो-हाऊसमध्ये राहायला आलो त्या पहिल्या सकाळपासून मी हे पाहते आहे. उजाडलं की एकेक फाटक करकरतं आणि एकेक पुरुष तोंडात ब्रश खोचून बाहेर येतो. कुणी बनियनवर, कुणी लुंगीवर, थंडीत कानाला मफलर गुंडाळून. एक हात कमरेवर, एक ब्रशवर. मग फाटकाला टेकून नाहीतर गल्लीत फेऱ्या मारत त्यांच्या गप्पा सुरू होतात. कांद्याचा भाव, नळाची वेळ, कुणाच्या मुलाचं कुठे जमलं, सगळं तोंडात फेस ठेवून. मध्येच कुणीतरी मान वळवतो, गटारीत थुंकतो आणि वाक्य पुढे सुरू करतो. आत चहा निवतो, बायका ओट्यापाशी खोळंबतात, आणि याबद्दल कुणालाही काडीचीही लाज वाटत नाही.

या मंडळींत माझ्या नवऱ्याचा पहिला नंबर. सातपूरच्या एका कारखान्यात ते लेथवर लोखंड कातायचं काम करायचे. नोकरीत होते तेव्हा निदान पाळी गाठायची घाई असायची. निवृत्त झाले आणि तेवढाही धाक उरला नाही. समोरच्या घरात एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात, सटाण्याकडचे. त्यांचा आणि ह्यांचा ब्रश एकाच वेळी सुरू व्हायचा आणि एकाच वेळी संपायचा. मी दारातून ओरडायचे, "अहो, दात आहेत की पितळेची भांडी? किती घासाल?" त्यावर हे तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलायचे. तोंडात ब्रश असताना ते काय म्हणतात हे मला उभ्या संसारात कधी कळलं नाही. समोरच्यांना मात्र शब्दन् शब्द कळायचा. ते लगेच उत्तरही द्यायचे, तेही तोंडात ब्रश ठेवूनच, आणि मग दोघं माझ्याकडे बघून हसायचे.

मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. पोरांना रोज सांगायचे, आधी तोंड धुवा, मग बोला. आणि घरात हा नमुना. मला त्या ब्रशचा, त्या फेसाचा, त्या थुंकण्याचा मनापासून संताप यायचा. आज मी जे सांगणार आहे त्याच्या आधी हे सांगून ठेवलेलं बरं.

दिवाळीनंतरची गोष्ट. ह्यांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय, चेहऱ्याची उजवी बाजू आणि जीभ. दवाखान्यातून घरी आलो, व्यायाम सुरू झाले. पाय हळूहळू उचलायला लागला, चार पायांची काठी डाव्या हातात धरून हे घरात फिरू लागले. उजवा हात तेवढा ऐकेना. डोकं मात्र पूर्वीसारखंच तल्लख होतं. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत, मी भाजीवाल्याला चुकीचे पैसे दिले तर खुर्चीतून बोट वर करत. फक्त बोलणं तोंडातल्या तोंडात गुरफटायचं. आणि ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळायची, म्हणून खांद्यावर कायम एक नॅपकिन असे.

मला हळूहळू समजायला लागलं. सतत बरोबर असलं की समजतं. पण बाकीचं जग एका दिवसात बदललं. घरी येणारा प्रत्येक माणूस ह्यांच्यासमोर बसायचा आणि बोलायचा माझ्याशी. "आता जेवण जातं का हो ह्यांना?" "ह्यांना ओळख पटते का?" हे तिथेच, हातभर अंतरावर. काही बोलायला जायचे, तर पाहुण्याची मान लगेच माझ्याकडे वळायची, "काय म्हणताहेत?" मी दुभाषी. माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या स्वतःच्या नवऱ्याची दुभाषी. एकदा समोरचे गृहस्थ आले. रोज सकाळी ह्यांच्याशी तासन् तास बोलणारा माणूस. तेही अवघडून खुर्चीच्या टोकावर बसले आणि आपल्या अहिराणीत मला म्हणाले, "वहिनी, दादाले आता बरं शे ना?" ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खिडकीकडे वळवली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी हे मला खुणेने खिडकीचा पडदा ओढायला लावू लागले. बाहेर फाटकं करकरायची, आत पडदा. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीने गल्लीत चार पावलं टाकू या म्हटलं, तर हे जागचे हलले नाहीत.

त्यातच दातांचं प्रकरण सुरू झालं. जीभ आणि गाल साथ देत नसल्यामुळे उजव्या गालात घास साठून राहायचा. माझ्या ते ध्यानातच आलं नाही. खोकला झाला, ताप आला, आणि छातीत इन्फेक्शन म्हणून पुन्हा दवाखान्यात. सुटी देताना डॉक्टर मला म्हणाले, अर्थात मलाच, "तोंड स्वच्छ ठेवा. तिथली घाण खाली छातीत उतरते. नाहीतर पुन्हा इथंच याल." म्हणजे आता ह्यांचा जीव ह्यांच्या दातांत अडकला होता. आणि हे तोंड उघडायला तयार नव्हते.

मी ब्रश घेऊन समोर उभी राहिले की ओठ घट्ट मिटायचे. लाडीगोडी केली, रागावले, शाळेतला आवाज काढला. उपयोग शून्य. ब्रश त्यांच्या डाव्या हातात दिला, तर ती बारीक दांडी बोटांतून निसटायची. आयुष्यभर उजव्या हाताने लोखंड कातणाऱ्या माणसाला डाव्या हाताने दात घासता येईनात. दोनदा ब्रश बेसिनमध्ये पडला, तिसऱ्यांदा त्यांनी तो मुद्दाम टाकला.

मी रडकुंडीला येऊन हे घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं. माझी चूक झाली. त्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या तोंडाची जी जाहीर सभा भरली तशी कुणाच्या तोंडाची भरू नये. परदेशातल्या मुलाने लिहिलं, इलेक्ट्रिक ब्रशच हवा, वयस्कर लोकांना तोच, मी पाठवतो. पुण्याच्या मुलीने लिहिलं, काही नको, हिरड्यांना इजा होईल, लहान मुलांचा मऊ ब्रश आण. जावयाने लिहिलं, ब्रशच नको, औषधी पाण्याने चुळा भरायच्या. ज्या माणसाच्या घशात पाण्याचा घोट नीट उतरत नाही त्याने चुळा भरायच्या! सुनेने एक व्हिडिओ पाठवला, त्यात एक गोरी आजी हसत हसत दात घासत होती. तिला झटकाबिटका काही आलेला नव्हता. पिंपळगावचा माझा भाऊ द्राक्षांच्या गाड्या भरता भरता लिहून मोकळा झाला, "कडुलिंबाची काडी द्या. आपले आजोबा शेवटपर्यंत ऊस खायचे." त्यावर अंगठे, हसरे चेहरे, हात जोडलेले.

या सगळ्यांत एकालाही आठवण नव्हती की ज्यांच्या तोंडाबद्दल हे चाललंय ते त्याच ग्रुपमध्ये आहेत. ह्यांचा फोन उशाशी होता. प्रत्येक मताला टिंग वाजत होतं, आणि हे डाव्या हातात फोन धरून सगळं वाचत होते. थोड्या वेळाने टिंग थांबलं. मी माझ्या फोनवर पाहिलं तर खाली बारीक अक्षरात आलं होतं की बाबांनी ग्रुप सोडला. डाव्या अंगठ्याने, एकट्याने. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण मुलाने लगेच त्यांना परत आत घेतलं आणि वर लिहिलं, "बाबांच्या हातून चुकून दाबलं गेलं वाटतं." चुकून! शहाणपणाचं एक काम केलं माणसाने, ते चुकून!

मुलीच्या सांगण्यावरून मी बाजारातल्या औषधांच्या दुकानात मऊ ब्रश मागितला. दुकानदार म्हणाला, "कुणासाठी, काकू?" मी म्हटलं, नवऱ्यासाठी. त्याने वय विचारलं आणि लगेच कवळी ठेवायची डबी आणि कवळी घासायचा ब्रश काढून समोर ठेवला. मी म्हटलं, "दात आहेत त्यांना. स्वतःचे. हाडं फोडतील अजून." तो म्हणाला, "मग नशीबवान आहेत." त्याच्या म्हणण्यात वाईट काही नव्हतं, तरी मला राग आला. माणूस साठीच्या पुढे गेला की त्याच्या तोंडात प्लास्टिकच असणार, असं ठरवणारे हे कोण? मऊ ब्रश आणला. त्याचं बोटभर लांबीचं हँडल आणि त्यावरचं कार्टूनचं अस्वल बघून ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो कपाटात टाकला तो आजही तिथेच आहे.

मग मुलाने तिकडून फोनवर ठरवून टाकलं की आई दमते, एक माणूस ठेवू. नर्सिंग ब्यूरोकडून एक मामा आले. पन्नाशीचे, अनुभवी, पहिल्याच वाक्यात "पेशंट कुठे आहे?" असं विचारणारे. मी म्हटलं, ह्या घरात पेशंट नाही, माझे मिस्टर आहेत. ते हसले. बोटाला ओली पट्टी गुंडाळली, ह्यांची हनुवटी धरली, गाल दाबून तोंड उघडलं आणि बोट आत घातलं. ओटा पुसावा तसं पुसायला लागले. हे चावले. बोंब ऐकून मी आले तेव्हा मामा बोट धरून उभे होते आणि हे खिडकीकडे बघत होते. मामांनी बोटाला हळद लावून घेतली आणि दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बाबा हिंसक झालेत का?" मी म्हटलं, "तुझ्या तोंडात परक्या माणसाने न विचारता बोट घातलं तर तू काय आरती करशील?" आणि फोन ठेवला. ह्यांच्याकडे गेले तर ओठाचा डावा कोपरा थोडासा वर गेलेला. दात मजबूत आहेत एवढं तरी त्यातून सिद्ध झालं.

पण राग करून छाती स्वच्छ राहत नाही. रात्री खोकल्याचा आवाज आला की मी उठून दिवा लावायचे. डॉक्टरांचं "पुन्हा इथंच याल" कानात घुमायचं. मी देवाला म्हणायचे, आमच्याकडे हट्टी माणूस दिलास तो दिलास, निदान त्याचा हट्ट बरोबर दिशेला तरी लाव.

मुलाने पाठवलेला इलेक्ट्रिक ब्रश कुणा येणाऱ्याबरोबर आला. खोका असा, जणू आत दागिना आहे. आत माहितीची पुस्तिका, अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. म्हाताऱ्यांसाठी वस्तू बनवायची आणि म्हाताऱ्यांना वाचता येणार नाही अशा अक्षरांत तिची माहिती द्यायची, ही कुठली रीत? चार्जिंगला लावला. सकाळी ह्यांना बेसिनपाशी खुर्चीवर बसवलं, ब्रशवर पेस्ट घेतली आणि बटण दाबलं. आधी तोंडात घालायचा आणि मग सुरू करायचा, हे त्या मुंग्यांच्या अक्षरांत कुठेतरी लिहिलेलं असणार. ब्रश माझ्या हातात थरथरला आणि पेस्ट उडाली. आरशावर, भिंतीवर, माझ्या चष्म्यावर, टॉवेलवर, आणि ह्यांच्या कपाळावर अगदी मधोमध गंधासारखी एक पांढरी टिकली.

आणि हे हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा, आवाज करून, अर्ध्या चेहऱ्याने, पोट हलवत हसले. हसताना तोंड उघडलं. मी आजवर त्या तोंडासाठी किती नाकदुऱ्या काढल्या होत्या! माझी हिंमत झाली नाही ब्रश आत घालायची. मामांचं बोट आठवलं. मी नुसती उभी राहिले. हसू ओसरल्यावर त्यांनी डावा हात पुढे केला आणि म्हणाले, "दे." मला स्पष्ट कळलं.

त्यांनी ब्रश घेतला तो तोंडात नाही घातला. कानाशी धरला. डोळे मिटून आतल्या मोटरचा आवाज ऐकला. मग टोकाचा ब्रश खेचून काढला, आतली बारीक दांडी पाहिली, परत बसवला. आयुष्यभर यंत्राशी राहिलेला माणूस, त्याला ओळख करून घ्यायची होती. त्यांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूशी ओळख करून घेण्याची संधी त्यांना तोवर कुणी दिली होती? या ब्रशची मूठ जाड होती, डाव्या हातात ती चांगली बसली. साध्या ब्रशासारखी निसटली नाही. अडचण एकच. बटण त्या गुळगुळीत अंगात असं बेमालूम मिसळलेलं की अंगठ्याला सापडेना. असलं बटण करणाऱ्याचे अंगठे फार तरुण असणार. मी माझ्या कपाळाची मखमली टिकली काढली आणि बटणावर चिकटवली. अंगठा फिरला, टिकलीवर थांबला, दाबला. ब्रश सुरू झाला. तेव्हापासून रोज सकाळी मी पाकिटातून दोन टिकल्या काढते, एक माझी आणि एक ब्रशची, कारण ओली झाली की ती पडते.

ते स्वतः दात घासायला लागले. आनंदाच्या भरात माझं लक्ष गेलं नाही की हे तो ब्रश जुन्या सवयीने घासताहेत, दाबून, खालीवर, जोर लावून. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. म्हणून दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तिचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दातांचे दवाखाने पहिल्या मजल्यावरच का असतात याचं उत्तर मला कुणी देईल का? हे काठी घेऊन, कठड्याला टेकत, थांबत थांबत चढले. डॉक्टर म्हणजे आमच्या मुलीहून लहान मुलगी. तिने मला विचारलं, "काका ब्रश करतात का?"

मी म्हटलं, "काका समोर बसलेत. त्यांना विचारा."

ती गडबडली. मग ह्यांच्याकडे वळून एकेक शब्द तोडत, मोठ्या आवाजात म्हणाली, "काका! ब्रश! करता! का?" बालवाडीच्या पोरांशीही मी कधी असं बोलले नाही. हे काहीतरी म्हणाले. तिची मान सवयीने माझ्याकडे वळली. मी तिथल्या माशांच्या पेटीकडे पाहायला लागले. एक नारंगी मासा होता, त्याच्याकडेच बघत राहिले. तिला थांबावं लागलं. हे परत म्हणाले. तिला परत कळलं नाही. मग ह्यांनी बॅगेतून ब्रश काढून घेतला आणि तोंडाशी धरून दाखवला, हा असा, जोर लावून.

मुलगी हसली, पण या वेळी वेगळं. खुर्ची पुढे ओढून तिने त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला. "असं नाही काका. घासायचं नाही. नुसतं एकेका दातावर धरायचं. काम ते करतं, तुम्ही फक्त धरायचं." ह्यांनी क्षणभर विचार केला आणि एक शब्द उच्चारला. मुलीने माझ्याकडे न बघता त्यांनाच विचारलं, "काय?" हे परत म्हणाले. "लेथ," ती म्हणाली. "लेथ म्हणालात ना? लेथवर होता तुम्ही?" ह्यांनी मान हलवली. हत्यार नुसतं धरायचं असतं, रेटायचं नसतं, हे त्या माणसाला कुणी शिकवायची गरजच नव्हती. जिन्यावरून उतरताना त्या मुलीवरचा माझा राग बराचसा निवला होता. जिन्यावरचा तेवढा राहिला.

रक्त थांबलं. गालात घास साठलाय असं मी सांगितलं की ते ब्रश तिकडे वळवायचे. खोकला कमी झाला, डॉक्टरांनी छातीला नळी लावून मान डोलावली. ग्रुपवर मुलाने लिहिलं, "मी म्हटलं होतं ना, इलेक्ट्रिकच." मुलीने लिहिलं, "पण ब्रिसल्स मऊ आहेत म्हणून." सभा संपली, सगळे जिंकले.

आणि घरात हे पुन्हा गप्प. मला कारण कळेना. तो ब्रश दोन मिनिटांनी आपोआप बंद होतो. पहिल्या दिवशी तो बंद झाला तेव्हा ह्यांनी तो बेसिनवर आपटला, त्यांना वाटलं बिघडला. मी पुस्तिका भिंगाखाली धरून वाचली आणि सांगितलं, बिघडला नाही, तुमचे दात झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ज्या माणसाची सकाळ ब्रशाने सुरू व्हायची आणि उन्हं फाटकावर येईपर्यंत चालायची, त्याला एक यंत्र दोन मिनिटांत सांगत होतं, झालं, आता जा. कुठे जा? मग पडद्याआड खुर्चीवर बसून हे तो बंद ब्रश हातात धरून राहायचे. अंगठा टिकलीवर फिरत असायचा. बाहेर कुणीतरी खाकरायचा, कुणीतरी हसायचा. मला त्या बाहेरच्या माणसांचा संताप यायचा. एवढी वर्षं एकत्र थुंकलात, आणि एकालाही हाक मारता येत नाही?

परवाची सकाळ. थंडी कडाक्याची, मी आत आधण ठेवलं होतं. बेसिनपाशी ब्रशचा आवाज सुरू झाला, थांबला. नळ सोडल्याचा आवाज आला नाही. त्याऐवजी काठी टेकल्याचा आवाज आला, खाट, खाट, आणि तो माझ्याकडे नाही, दाराकडे जात होता. बाहेर येऊन पाहते तर हे बंद ब्रश दातांत घट्ट धरून, डाव्या हातात काठी घेऊन निघालेले. हनुवटीवर फेस. फेसाचे ठिपके फरशीवर.

"अहो, फरशी! काय चाललंय? आधी तोंड धुवा!"

हे थांबले नाहीत. मी नॅपकिन घेऊन मागे धावले. व्हरांड्याची एक पायरी उतरून ते फाटकाशी पोचले, काठी बाजूला उभी केली, खांबाला खांदा टेकला आणि ब्रशची मूठ हातात धरली. फाटकाची कडी गंजलेली आहे, तिला दोन हात लागतात. त्यांनी कडीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. ज्या फाटकाला मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, त्याची कडी मी दोन्ही हातांनी खेचून उघडली.

समोर ते सटाण्याचे गृहस्थ उभे होते. मफलर, बनियन, तोंडात ब्रश. त्यांनी ह्यांना पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. मग नजर सवयीने माझ्याकडे यायला निघाली. ते विचारणार होते, वहिनी, दादाले बरं शे ना. पण तोंडात फेस होता, आणि ब्रश काढून थुंकायच्या आत हे बोलले. तोंडात ब्रश ठेवून, फेसाच्या आत, जसं बोलायचे तसं.

समोरच्यांचे डोळे बारीक झाले. मग त्यांनी ब्रश न काढताच काहीतरी उत्तर दिलं. हे पुन्हा काही बोलले, थोडं लांबलचक. समोरच्यांना असं हसू फुटलं की फेस मफलरवर उडाला. ते मान वळवून गटारीत थुंकले आणि गल्ली ओलांडून ह्यांच्या फाटकाशी आले. दोघांच्या हनुवट्यांवरून फेस ओघळत होता, ह्यांच्या उजव्या कोपऱ्यातून जरा जास्त, पण कुणाचा किती याचा हिशेब तिथे कोण ठेवत होतं? माझ्या हातात नॅपकिन होता. मी तो पदराखाली धरला. आत चहा उतू गेल्याचा वास आला, तरी मी हलले नाही.

फोन वाजला. मुलगी होती. "आई, शेवटी रोज कुठला ब्रश चालू आहे बाबांचा? इलेक्ट्रिक की साधा?" मी म्हटलं, "दोन मिनिटं इलेक्ट्रिक, मग साधा." ती म्हणाली, "म्हणजे? दोन ब्रश?" मी म्हटलं, "एकच. बाकीचं बाबांना विचार, पण आता नको, ते बोलताहेत." आणि फोन ठेवला.

दोघं फाटकावर टेकून बोलतच होते. काहीतरी कांद्याचं असावं, किंवा माझ्याबद्दल, कारण मध्येच दोघांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. मला एक अक्षर कळलं नाही. आणि ते काय म्हणताहेत, हे मला कुणी विचारलंही नाही.